अराजकाचे वर्ष

आमच्या गप्पांत वादाला निमित्त झाला तो वकिलाने सहज वापरलेला एक शब्द. कोठल्याशा देशातील सरकार कोसळल्यानंतर झालेल्या लुटालुटीविषयी बोलताना तो म्हणाला की तिथे आता पूर्ण अराजक माजले आहे आणि अराज्यवाद्यांना हवे असते ते हेच. मास्तरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला असल्यामुळे त्यांना सैल शब्द खपत नाही. ते म्हणाले, "‘अराजक’ हे एका परिस्थितीचे नाव आहे आणि ‘अराज्यवाद’ हे एका विचाराचे. मराठीने मुद्दाम दोन शब्द केले, ते तू एका वाक्यात पुन्हा एकमेकांत मिसळून टाकलेस."

वकिलाने माघार घेतली नाही. मराठीने काहीही केले असले तरी युरोपीय भाषांत दोन्हींचे, म्हणजे ‘ॲनार्की’ आणि ‘ॲनार्किझम’ यांचे, मूळ एकच आहे, आणि ते मूळ ‘शासक नसणे’ एवढेच सांगते, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर मास्तरांनी जी हकिकत सांगितली ती मला पूर्वी ठाऊक नव्हती आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. प्राचीन अथेन्समध्ये वर्षाला आकडा नसे. त्या वर्षी जो ‘आर्खोन’ म्हणजे मुख्य शासनाधिकारी असेल त्याच्या नावाने ते वर्ष ओळखले जाई. इ.स.पू. ४०४ मध्ये स्पार्टाकडून पराभव झाल्यावर तीस जणांच्या टोळक्याने शहराची सत्ता बळकावली, नागरिकांची शस्त्रे काढून घेतली आणि सुमारे दीड हजार लोकांना ठार केले. त्या वर्षी आर्खोन नव्हता असे नाही, पायथोडोरस नावाचा माणूस त्या पदावर होता. परंतु त्याची निवड त्या राजवटीत झालेली असल्यामुळे अथेन्सच्या लोकांनी वर्षाला त्याचे नाव द्यायचे नाकारले आणि त्या वर्षाची ओळख ‘अनार्खिया’, म्हणजे आर्खोन नसलेले वर्ष, अशीच राहिली, हे ग्रीक इतिहासकार झेनोफोनने नोंदवून ठेवले आहे.

"म्हणजे ज्या वर्षी हुकूम, पहारे आणि फाशीची शिक्षा यांचा सर्वांत जास्त सुकाळ होता, त्या वर्षाला त्यांनी अराजक म्हटले," मास्तर म्हणाले.

हकिकत छान आहे, पण तिने कायदा शिकवता येत नाही, असे वकील म्हणाला. त्याची भूमिका सरळ होती आणि मला ती हास्यास्पद वाटत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१९ च्या व्याख्यानात राज्यसंस्थेची जी ओळख सांगितली, म्हणजे एका भूप्रदेशात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी यशस्वीपणे सांगणारी संस्था, तिच्यातील मक्तेदारी काढून घेतली तर बळ नाहीसे होत नाही, ते फक्त अनेकांच्या हाती जाते. मोठा मासा लहान माशाला खातो ही मात्स्यन्यायाची भीती आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात आहे आणि तीच इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या ग्रंथात १६५१ मध्ये आहे. शांतिपर्वातच राज्य, राजा, दंड काहीही नसताना लोक परस्परांचे रक्षण करीत होते असेही म्हटले आहे, अशी आठवण मास्तरांनी करून दिली. पुढे त्या लोकांना मोहाने ग्रासले म्हणूनच राजा आणावा लागला, हे मात्र वकिलाला पाठ होते.

ताई तोवर ऐकत होती. ती आमच्यात वयाने सर्वांत लहान आहे, पण समाजशास्त्र शिकवते आणि आम्हा सगळ्यांना वाक्य मध्येच थांबवून शब्दाची व्याख्या मागते, म्हणून तिला सगळे ताईच म्हणतात. तिने विचारले की अराज्यवादी नेमके काय नाकारतात, हे आधी कोणी सांगेल का. १८४० मध्ये फ्रेंच विचारवंत प्रूधाँने स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतले तेव्हा तो सुव्यवस्थेविरुद्ध बोलत नव्हता. वरून लादल्याशिवाय सुव्यवस्था निर्माण होऊ शकते, असे त्याचे म्हणणे होते. रशियन अराज्यवादी क्रोपोटकिनने १९११ च्या ब्रिटानिका विश्वकोशात या विषयावर लिहिताना शासनाशिवायच्या समाजाची कल्पना मांडली, तीही निरनिराळ्या गटांनी स्वेच्छेने केलेल्या करारांची होती. दुसरा रशियन अराज्यवादी बाकूनिन, त्याचा दाखला तर मराठीत फारच चपखल बसतो, असे मला वाटते. आपण एखाद्याला ‘संगीतातील अधिकारी पुरुष’ म्हणतो आणि कचेरीत सही करणाऱ्यालाही ‘अधिकारी’ म्हणतो. बाकूनिन म्हणतो की जोड्यांच्या बाबतीत मी चांभाराचे ऐकेन, कारण त्याला त्यातले कळते. पण त्याने आपले म्हणणे माझ्यावर लादू नये, आणि त्याच्यावर टीका करण्याचा माझा हक्क शाबूत असावा. पहिल्या अर्थाचा अधिकार त्याला मान्य आहे, दुसऱ्या अर्थाचा नाही. अधिकारशाहीत नेमका उलट प्रकार होतो: दुसऱ्या अर्थाचा अधिकार हाती आला की पहिल्या अर्थाचाही आपोआप आला, असे धरून चालतात.

इथे इंजिनिअरने मार्क्सचा सहकारी एंगल्स याचे जहाज आणले. एंगल्सने याच वादात विचारले होते की सूतगिरणी, रेल्वे किंवा भर समुद्रातील जहाज प्रत्येकाच्या संमतीने कसे चालणार; आणि क्रांती ही तर जगातील सर्वांत अधिकारवादी गोष्ट आहे. इंजिनिअर स्वतः यंत्रांवर काम करतो, त्यामुळे झडप बंद करायची की नाही यावर मतदान घेता येत नाही हे तो मनापासून म्हणाला. मास्तरांचे उत्तर असे की कप्तानाचा हुकूम वादळात मानणे वेगळे आणि बंदराला लागल्यावरही त्याने खलाशांच्या घरात हुकूम चालवणे वेगळे. शिवाय कप्तान खलाशांनी निवडला आणि त्यांनाच तो बदलता आला, तर जहाज बुडेलच असे नाही. युक्रेनमध्ये माख्नो या अराज्यवादी सेनापतीच्या सैन्याने रशियन क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात आपले अनेक सेनानी निवडूनच घेतले होते. अर्थात त्याच सैन्याची स्वतःची गुप्तहेर शाखाही होती, हे मास्तरांनीच पुढे कबूल केले, आणि मला त्यांच्याविषयी अशा वेळी आदर वाटतो.

बाँब आणि खून यांवर फार वेळ गेला नाही. फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो १८९४ मध्ये, इटलीचा राजा उंबेर्तो १९०० मध्ये आणि अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली १९०१ मध्ये अराज्यवादी म्हणवणाऱ्यांच्या हातून मेले, ही वस्तुस्थिती आहे आणि तिचे समर्थन कोणीही केले नाही. ताईने एवढेच जोडले की अशा हल्ल्यांनी सत्ता कमी होण्याऐवजी वाढली: फ्रान्समध्ये वृत्तपत्रांवर आणि संघटनांवर कडक कायदे आले, १८९८ मध्ये रोम येथे अराज्यवाद्यांविरुद्ध देशोदेशींच्या सरकारांची परिषद भरली आणि १९०३ मध्ये अमेरिकेने केवळ हा विचार बाळगतात म्हणून लोकांना देशात येण्यास बंदी केली. अराजकाची भीती हे अधिकारशाहीचे सर्वांत स्वस्त खाद्य आहे, असे तिचे मत पडले.

खरी ठिणगी पडली ती १८७२ च्या विषयावर. त्या वर्षी हेग येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिवेशनात मार्क्सच्या गटाने बाकूनिनची हकालपट्टी केली. पुढच्याच वर्षी बाकूनिनने लिहिले की राज्यावर बसलेले कामगार हे कामगार राहणार नाहीत, ते राज्याच्या उंचीवरून सामान्य कामगारांकडे पाहू लागतील. पन्नास वर्षे पुरी होण्याच्या आत, मार्च १९२१ मध्ये, रशियातील क्रोनश्टाट या नाविक तळाच्या नौसैनिकांनी मुक्त निवडणुकांनी नव्या सोव्हिएत म्हणजे कामगार-सैनिकांच्या समित्या भरवण्याची मागणी केली आणि कामगारांच्या नावाने राज्य करणाऱ्या बोल्शेविकांच्या लाल सेनेने गोठलेल्या समुद्रावरून चाल करून त्यांना चिरडले. मास्तरांनी हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. वकिलाने मात्र थंडपणे विचारले की याच बाकूनिनने १८७० च्या पत्रांत क्रांतीच्या वादळात कोणाच्याही डोळ्यांना न दिसणाऱ्या ‘हुकूमशाही’ची भाषा केली नव्हती काय. होय, केली होती. अधिकृत पद नाही, बिल्ला नाही, केवळ विश्वासू साथीदारांचा गुप्त गट जनतेला आतून दिशा देणार, असे त्याच्या मनात होते.

मला येथे वकिलाची बाजू घ्यावीशी वाटली आणि मी ती घेतली. पदावर बसलेल्या माणसाला निदान पदावरून काढता येते. ज्याने पदच नाकारले आहे आणि तरीही ज्याच्या शब्दावाचून पान हलत नाही, त्याला कोण काढणार? अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीच्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस हेच आपल्या अनुभवावरून लिहिले: संघटनेला रचना नाही असे म्हणणाऱ्या गटांतही रचना असतेच, ती फक्त मैत्रीच्या जाळ्यात लपते आणि त्यामुळे तिला जाब विचारता येत नाही.

"मग तू अराज्यवादाच्या विरोधात बोलत नाहीस," ताई म्हणाली. "तो त्यांचाच प्रश्न आहे, तू तो त्यांच्यावर उलटवला आहेस एवढेच."

मला हे कबूल करावे लागले. स्पेनचा विषय निघाला तो यामुळे. जुलै १९३६ मध्ये बार्सिलोनात प्रजासत्ताकाविरुद्धचा लष्करी उठाव मोडून काढण्यात सीएनटी या अराज्यवादी कामगार संघटनेचा मोठा वाटा होता, आणि त्यानंतर शहरातील शस्त्रे तिच्या सदस्यांच्या हाती होती. काही दिवसांत कामगारांनी ट्राम पुन्हा सुरू केल्या, कारखाने स्वतः चालवायला घेतले. तिथले कॅटलन प्रांतिक सरकार नावालाच उरले होते आणि ते बाजूला सारावे की ठेवावे हे ठरवणे अराज्यवाद्यांच्या हाती होते. गार्सिया ओलिव्हेर या त्यांच्या नेत्याने पुढे हा पेच असा मांडला की एकीकडे अराज्यवाद्यांची हुकूमशाही होती आणि दुसरीकडे लोकशाहीशी सहकार्य. संघटनेने सहकार्य निवडले. नोव्हेंबरमध्ये तिचे चार जण माद्रिदच्या सरकारात मंत्री झाले आणि खुद्द गार्सिया ओलिव्हेर, ज्याने तरुणपणाची कित्येक वर्षे तुरुंगात काढली होती, न्यायमंत्री झाला. मे १९३७ मध्ये बार्सिलोनाचे टेलिफोन केंद्र त्यांच्या ताब्यातून काढून घेण्यासाठी पोलीस आले, रस्त्यांवर लढाई झाली आणि त्यानंतर त्यांचे बळ ओसरत गेले.

इंजिनिअरच्या मते हा नालायकपणा होता: सत्ता रिकामी ठेवता येत नाही, तुम्ही उचलली नाही तर शेजारचा उचलतो. मास्तरांच्या मते ते तत्त्वाला जागले. मी दोघांशीही असहमत होतो. हुकूमशाही नको म्हणून मागे सरणाऱ्यांच्याच सशस्त्र तुकड्यांनी आरागॉनच्या काही गावांत बंदुकीच्या धाकाने सामुदायिक शेती आणली, आणि प्रजासत्ताकाच्या बाजूच्या प्रदेशात जे हजारो धर्मगुरू मारले गेले त्यांत यांचेही हात होते. तेव्हा हुकूमशाही त्यांनी बार्सिलोनाच्या दाराशी नाकारली आणि गावाच्या वेशीवर वापरली. त्यांनी ज्या गोष्टीला नाव दिले नाही ती त्यांना दिसली नाही. पुढे उठाव करणाऱ्या लष्कराचा सेनापती फ्रँको याची राजवट आली, आणि अधिकारशाहीची जी व्याख्या आज राज्यशास्त्रात रूढ आहे ती राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझने १९६४ मध्ये त्याच राजवटीकडे बोट दाखवून घडवली.

वकील शेवटी आपल्या मूळ मुद्द्यावर परतला: ज्याच्या मागे दंड नाही तो शब्द म्हणजे केवळ सदिच्छा. मास्तरांनी त्याला १३ फेब्रुवारी १९२१ चा मॉस्को सांगितला. क्रोपोटकिनच्या अंत्ययात्रेला जाता यावे म्हणून तुरुंगातील काही अराज्यवाद्यांना परत येण्याच्या वचनावर एका दिवसासाठी सोडण्यात आले. त्यांनी शवपेटी खांद्यावर घेतली, हजारोंच्या जमावात काळे झेंडे मिरवले आणि अंत्यविधी उरकल्यावर ते तुरुंगात परत गेले.

"सगळे?" वकिलाने विचारले.

"सगळे."

वकिलाने थोडा विचार केला. आत राहिलेल्या साथीदारांना आपल्यापायी त्रास होईल ही धास्तीही त्या वचनाच्या मागे असेल आणि तीही दंडाचीच एक जात आहे, असे तो म्हणाला. मास्तरांनी ते अशक्य नाही असे मान्य केले. ताईचे म्हणणे पडले की साथीदाराला इजा होऊ नये म्हणून परत जाणे आणि आपल्याला इजा होऊ नये म्हणून परत जाणे या दोन्हींना एकच शब्द लावायचा असेल, तर ‘दंड’ शब्दाची व्याख्या वकिलाने आधी करून द्यावी.