‘समाधानकारक’ हवेवर विसंबू नका

दिवाळी सरली की मुंबईतल्या आमच्या नातेवाइकांत हवेवरून वाद सुरू होतो. चेंबूरची मावशी म्हणते, आपल्याला समुद्र आहे, दिल्लीसारखं इथे होत नाही. मावसभाऊ म्हणतो, एअर प्युरिफायर घ्या आणि खिडक्या लावून घ्या. आणखी कोणी म्हणतं, हे सरकारचं काम, आपण मास्क लावून काय होणार? लंडनमध्ये बसून हे वाचताना जीव खालीवर होतो, कारण मावशीला दमा आहे.

थंडीत समुद्राचा भरवसा धरता येत नाही. रात्री नि पहाटे वारा जमिनीकडून वाहतो. जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि बांधकामांची धूळ, गाड्यांचा नि बेकऱ्यांच्या भट्ट्यांचा धूर खालीच कोंडतो. म्हणून मावशी, पहाटेचा फेरफटका थंडीपुरता बंद कर. दुपारनंतर खारा वारा सुटला की जा.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाची (एक्यूआय). पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या अतिबारीक कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असली, तर भारतात निर्देशांक १०० येतो आणि शेरा मिळतो ‘समाधानकारक’. तीच हवा ब्रिटनच्या दहाच्या पट्टीवर ८ भरते, म्हणजे ‘जास्त’ प्रदूषण. सोबत सल्लाही असतो: दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी बाहेरची दगदग कमी करावी, इनहेलर जास्त वेळा लागू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर १५ आहे. फुप्फुसं इथली काय नि तिथली काय, सारखीच. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा वयस्क माणूस असेल तर निर्देशांकाचा हिरवा रंग पाहून निर्धास्त होऊ नका.

रुमाल, ओढणी, कापडी मास्क या बारीक कणांना अडवत नाहीत. एन-९५ लागतो, तोही नीट बसलेला. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा, जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली तर मास्क वरून उघडा आहे. प्युरिफायर हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक कण गाळणाऱ्या जाळीचा, खोलीच्या मापाचा घ्या, आणि निजायच्या खोलीत ठेवा. त्याच खोलीत उदबत्ती आणि डासांची कॉइल लावली, तर तो निम्मा वेळ घरचाच धूर गाळत बसेल.

पण समोरच्या साइटवरच्या मजुराने काय करायचं? इथे मावसभावाचं म्हणणं तोकडं पडतं. लंडनची हवा प्युरिफायरने सुधारली नाही. १९५२च्या धुरक्यात हजारो माणसं गेली, मग धुराला आवर घालणारा १९५६चा कायदा आला. २०१३ मध्ये एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची दमेकरी मुलगी गेली. तिची आई वर्षानुवर्षं लढली, आणि २०२० मध्ये कोरोनरने (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर दिवसाला साडेबारा पौंडांचा आकार २०२३ मध्ये सगळ्या लंडनभर लागू झाला, तोही कडाक्याच्या विरोधानंतर.

मुंबईतही नियम आहेत. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे सक्तीचे केले. समोरच्या साइटवर ते दिसत नसतील तर फोटो काढा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसात तक्रार द्या. मास्क लावूनच जा.