खासदार व्हा, पण सभा बघून

खासदार व्हायचं मनावर घेतलंत, चांगलं केलंत. कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहाच्या टपरीवर उभं राहून देश किती दिवस चालवणार? तालमीचं अध्यक्षपद झालं, पोस्टरवर नावाआधी 'भावी' लागून त्याचा रंगही उडाला. आता एवढंच ठरवायचंय की दिल्लीत सभागृहं दोन आहेत, त्यातलं तुमचं कुठलं?

आधी थोडं पुस्तकातलं. घटनेच्या कलम 79 प्रमाणे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून संसद होते. लोकसभेत 543 जागा, त्यात महाराष्ट्राच्या 48. राज्यसभेत 245, आपल्या 19. लोकसभेला वय 25 पुरतं, राज्यसभेला 30 लागतं, कारण तिथं जाणारा माणूस जरा पिकलेला असावा अशी अपेक्षा. लोकसभेत तापल्या डोक्यानं जे मंजूर होईल, त्याकडे कुणीतरी थंड डोक्यानं पुन्हा एकदा बघावं, म्हणून हे वरिष्ठ सभागृह. एवढा मजकूर शाळेच्या बक्षीस समारंभातल्या भाषणासाठी पाठ करून ठेवा. बाकी कुठं तो लागणार नाही.

लोकसभेचा नाद शक्यतो करू नका. चंदगडपासून करवीरपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघ, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, आणि गावोगावी जेवणाचा आग्रह. तिसऱ्या गावात रश्श्याची वाटी नको म्हणालात तर ती भावकी गेली म्हणून समजा. त्यात कुणाच्या तरी शेतातला ट्रान्सफॉर्मर जळालेला असतो आणि तो माणूस नेमका भर सभेत पुढच्या रांगेत बसतो. एवढं सोसूनही लोक पाडतात. पाडलं की पाच वर्षं रंकाळ्यावर फिरायला जायचीसुद्धा चोरी.

राज्यसभेला हा ताप नाही. मतदार म्हणजे फक्त आमदार, आणि ते सगळे मिळून 288. त्यांना ऊन लागत नाही. मतपत्रिकेवर 'नोटा' नाही, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच तो काढायला लावला. गोकुळची, म्हणजे आपल्या जिल्हा दूध संघाची, निवडणूक जवळून पाहिलेल्याला तर काही शिकवायलाच नको. दूध घालणारे लाखांनी, पण मत ठरावधारकाला, म्हणजे दूध संस्थेनं ठराव करून पाठवलेल्या एकट्याला. मग ठरावधारकाला जपायचं, सहलीला न्यायचं आणि मतदानादिवशीच गाडीतून उतरवायचं. 2022 च्या जूनमध्ये राज्यसभेच्या निवडणुकीआधी आमदारांना मुंबईच्या हॉटेलांत एकत्र ठेवलं, तेव्हा देशभरचे वाहिनीवाले डोळे विस्फारून बोलत होते. आपल्याकडे कुणाची भुवईही हलली नाही. चौकशी झाली ती एवढीच, की एसी गाड्या कुठल्या ट्रॅव्हल्सच्या?

त्या निवडणुकीचा हिशेब मात्र शिकून घ्या, कारण ती सहावी जागा आपल्या घरातलीच होती. जागा सहा, उमेदवार सात. चुरस दोघांत, आणि दोघेही कोल्हापूरचे: भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. आमदार उमेदवारांपुढं पहिली, दुसरी अशी पसंती लिहितो आणि एका आमदाराच्या मताचं मूल्य 100 धरतात. वैध मतं 284, म्हणजे 28,400. त्याला जागा अधिक एक, म्हणजे सातानं भागायचं, वर एक मिळवायचा. निवडून यायला लागणारा कोटा आला 4,058, म्हणजे जवळपास 41 मतं. पवारांना पहिल्या पसंतीची 33 मतं, महाडिकांना 27. आपल्या सोसायटीच्या निवडणुकीत इथंच गुलाल उधळला असता. पण भाजपच्या पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी 48 मतं पडली होती. कोट्यावरची शिल्लक वाया जात नाही, ती दुसऱ्या पसंतीच्या माणसाकडे वळते, आणि 27 वाले कोट्याच्या पुढं गेले. पवारांनाही मित्रपक्षांची शिल्लक मिळाली, ती पुरली नाही. एका आमदाराचं मत निवडणूक आयोगानं बाद ठरवलं होतं, त्या वादात निकालाला पहाट झाली. सकाळी चौकात एका म्हाताऱ्यानं पेपर खाली ठेवून विचारलं, "तेहतीसवाला पडला आन् सत्तावीसवाला आला? मोजायला कोण बसलं हुतं?" त्याला दशांश अपूर्णांक समजावत बसू नका. तुम्ही फक्त आपली दुसरी पसंती कुठं शिल्लक आहे, यावर लक्ष ठेवा.

हेच महाडिक 2014 ला लोकसभेत निवडून गेले होते आणि 2019 ला हरले होते. म्हणजे लोकांनी नको म्हटल्यावर संसद संपत नाही, हा धडा आपल्या जिल्ह्यातच उपलब्ध आहे; त्यासाठी बिहारपर्यंत जायला नको. शिवाय राज्यसभा विसर्जित होत नाही. मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, म्हणजे जत्रा सतत कुठं ना कुठं भरलेलीच. आमदारही वश झाले नाहीत तर राष्ट्रपतिनियुक्त 12 जागा आहेत: साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा. चौथ्या शब्दात पुष्कळ मावतं. आणि कोल्हापुरात वातावरण फारच बिघडलं, तर दुसऱ्या राज्यातून जा. त्या राज्याचे रहिवासी असण्याची अट 2003 मध्येच कायद्यातून गेली.

कुणी टोमणा मारेल, "मागल्या दारानं गेला." मारू द्या. गाडीच्या काचेवर नुसतं 'खासदार' लिहितात, कुठल्या सभेचे ते टोलनाक्यावर कुणी विचारत नाही.

आत गेल्यावर ते थंड डोकं कसं वापरायचं? जपून. पैशाच्या बाबतीत तर वापरूच नका. धनविधेयक राज्यसभेनं 14 दिवसांत परत पाठवायचं, सूचना केल्या तरी त्या घ्यायच्या की नाही ते लोकसभा ठरवणार. आणि कुठलं विधेयक धनविधेयक, हे ठरवणार लोकसभेचे अध्यक्ष. 2016 मध्ये आधारचं विधेयक असंच आलं. राज्यसभेनं पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेनं त्याच दिवशी त्या फेटाळल्या. एवढ्या वेळात आपल्याकडे सातबाऱ्यावरची नोंदसुद्धा होत नाही. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहं अडून बसली तर संयुक्त बैठक असते, पण ती आजवर फक्त तीनदा लागली: 1961, 1978 आणि 2002. तिथंही डोकी मोजली जातात, आणि लोकसभेची डोकी दुपटीहून जास्त.

चर्चेचीही धास्ती घेऊ नका. कृषी कायदे राज्यसभेत 2020 मध्ये गोंधळात आवाजी मतदानानं संमत झाले, आणि 29 नोव्हेंबर 2021 ला ते मागे घेण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेशिवाय. आणताना घाई, नेताना घाई; मधलं वर्ष शेतकरी रस्त्यावर बसला होता, त्याच्याकडे मात्र वेळ होता. गोंधळ घालायचा असेल तर तोही बेतानं. डिसेंबर 2023 मध्ये दोन्हीकडचे मिळून 146 खासदार निलंबित झाले. एवढ्या गर्दीत तुमचा फोटो कोण छापणार?

प्रश्न जरूर विचारा. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री तोंडी देतात, वर उपप्रश्न विचारावा लागतो, म्हणजे अभ्यास आला. अतारांकित विचारा, उत्तर कागदावर येतं. विषय तयार आहे: कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे. फक्त ती खरोखर सुरू होणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर पुढच्या अधिवेशनात विचारणार काय?

खासदार निधी वर्षाला पाच कोटी. राज्यसभेवाल्याला तो राज्यात कुठंही सुचवता येतो, म्हणून तो कुठं गेला हे शोधायलाही राज्यभर फिरावं लागतं. गावात एक बसथांबा मात्र बांधाच. पत्र्याच्या कडेला तुमचं नाव हातभर अक्षरात, खाली बाकडं दोन माणसांचं, आणि बस थांबते त्याच्या पुढं पन्नास पावलांवर.

राहता राहिलं खासगी विधेयक. शुक्रवारी दुपारनंतर सदस्यांना स्वतःची विधेयकं मांडता येतात. स्वातंत्र्यानंतर अशी 14 संमत झाली, शेवटचं 1970 मध्ये. तेव्हा संमत होण्याची भीती बाळगू नका, बिनधास्त एखादं क्रांतिकारक मांडा, चपलेपासून गुळापर्यंत कशावरही. मांडतानाचा फोटो घेतला की लगेच निघा, संध्याकाळचं विमान गाठायचंय. रविवारी पेठेत सत्कार ठेवलाय आणि फेटा बांधणाऱ्याला सकाळी आठची वेळ दिलीय.