‘राइट’नं आकडा दिला, पण डेटा कुठवर पोचला?

नमस्कार. चिकोडी तालुक्यातून आलेली तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही नीट सविस्तर देतो. मूळ लेख न वाचता इथं आलेल्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर तुम्ही बरेच हंगाम सांभाळताय. राइट() म्हणजे प्रोग्राममधला डेटा फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर लिहिणारं फंक्शन; त्याला जेवढे बाइट दिले तेवढाच आकडा ते परत देतं, त्यापेक्षा कमी तुम्ही एकदाही पाहिलेला नाही. म्हणून उरलेले बाइट पुन्हापुन्हा लिहिणारा, मी सुचवलेला लूप तुम्हाला फापटपसारा वाटतो. प्रत्येक पावतीला एफसिंक() (डेटा डिस्कवर उतरेपर्यंत थांबणारं फंक्शन) लावलं तर काट्यावर गाड्यांची रांग लागेल, असं तुम्ही म्हणता. वीज गेली तरी यूपीएस आहे. आणि युनिक्समध्ये सगळंच फाइल असेल, तर सॉकेटला (नेटवर्कच्या जोडणीला) वेगळे नियम कशाला?

एक गोष्ट आधीच कबूल करतो. ‘प्रत्येक राइट()नंतर एफसिंक() हवंच’ असं मी सरसकट लिहिलं होतं, ते चुकलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. पण बाकीच्या मुद्द्यांवर तुमच्याशी सहमत होता येत नाही.

राइट()नं दिलेला आकडा फक्त एवढंच सांगतो, की इतके बाइट तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीतून कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) स्वतःकडे घेतले. गाडी कारखान्याच्या आवारात आली, टोकन मिळालं, नंबर लागला. ऊस अजून गव्हाणीत पडायचा आहे. फाइल असेल तर ते बाइट कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात असतात, सॉकेट असेल तर पाठवणीच्या बफरमध्ये. दोन्हीकडे फंक्शन एकच आहे, पण तिथून पुढचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. ‘सगळं फाइल’ हे सूत्र नाव आणि क्रमांक देण्यापुरतं खरं आहे, हमीच्या बाबतीत नाही.

आधी फाइलचं पाहू. लिनक्सवर पेज सहसा ४,०९६ बाइटचं. तुमची २०० बाइटची पावती त्या पेजात उतरवली जाते, पेजावर ‘मळकं’ अशी खूण होते आणि राइट() लगेच परत येतं. डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. मूळ सेटिंगप्रमाणे कर्नलचं लिहिणारं काम दर ५ सेकंदांनी जागं होतं आणि ३० सेकंदांहून जुनी मळकी पेजं डिस्कवर पाठवतं. म्हणजे शेवटच्या अर्ध्या मिनिटातल्या पावत्या फक्त रॅममध्ये आहेत, असं धरूनच चालायला हवं.

यूपीएस वीज जाण्यापासून वाचवतो, हे मान्य. पण कर्नल पॅनिक झाला (स्वतःच कोलमडला), कुणी रीसेटचं बटण दाबलं, यूपीएसची बॅटरीच उतरलेली निघाली किंवा साफसफाई करताना पिन निघाली, तर त्या अर्ध्या मिनिटाचं काय? प्रोग्राम नुसता कोसळला तर पेज कॅशमधलं काही जात नाही, ते कर्नलकडे सुरक्षित असतं. मात्र तुम्ही प्रिंटएफ() किंवा एफराइट() वापरत असाल तर त्यांचा आणखी एक बफर तुमच्याच प्रोग्रामात असतो आणि तो प्रोग्रामाबरोबर जातो. स्क्रीनवर ओळीओळीनं दिसणारा लॉग फाइलकडे वळवला की मधेच तुटलेला दिसतो, तो यामुळेच. एफफ्लश() हा बफर कर्नलपर्यंत नेतं, डिस्कपर्यंत नाही.

आता रांगेचा हिशेब करू. ७,२०० आरपीएमच्या साध्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते. एका एफसिंक()ला अशा दोन-तीन फेऱ्या लागल्या तरी २५ मिलिसेकंदांच्या आसपास काम होतं. ट्रॅक्टर काट्यावर चढून वजन स्थिर व्हायला जो वेळ लागतो, त्यापुढे हे काहीच नाही. एक गाडी, एक पावती, एक एफसिंक(): इथं तुमची भीती बिनबुडाची आहे. पण दिवसाअखेरीला हजारो नोंदी एकदम आयात करताना प्रत्येक ओळीला एफसिंक() लावलं तर काम खरंच रखडेल. तिथं पाचशे-हजार ओळी लिहून मग एकदा एफसिंक() करा, आणि ते यशस्वी झाल्यावरच ‘जमा’ असं दाखवा. माझी सरसकट चूक इथंच होती.

एफसिंक() फसल्याचा कोड घेऊन परत आलं तर ‘पुन्हा एकदा करून बघू’ हा मोह टाळाच. डिस्कवर लिहिताना चूक झाली की लिनक्समधल्या बऱ्याच फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या यंत्रणा) ती पेजं ‘स्वच्छ’ म्हणून मोकळी करतात. दुसऱ्या वेळचं एफसिंक() मग यशस्वी होतं, कारण त्याच्या लेखी लिहायला काही उरलेलंच नसतं. पोस्टग्रेसक्यूएलसारखा जुना, मुरलेला डेटाबेससुद्धा यात फसत होता. २०१८ मध्ये हे उघड झालं आणि फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून एफसिंक() फसलं की तो सर्व्हर थेट थांबतो आणि आपल्या लॉगवरून डेटा नव्यानं उभा करतो. तुमच्या प्रोग्रामनंही तेच करावं: काटा थांबवा, ऑपरेटरला ठळक संदेश दाखवा, डिस्क तपासा.

ऊसदराची किंवा सेटिंगची फाइल बदलताना मूळ फाइल रिकामी करून तीवर लिहू नका. वीज नेमकी तेव्हा गेली तर शून्य बाइटची फाइल हाती येते. २००९ मध्ये एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम नवीन असताना हा प्रकार इतका गाजला की फाइलसिस्टिममध्येच त्यावर उपाय घालावा लागला. बिनधोक पद्धत अशी: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल तयार करा, पूर्ण लिहा, तिला एफसिंक() करा, रीनेम()नं मूळ नावावर आणा आणि शेवटी त्या फोल्डरलाही एफसिंक() करा. ही शेवटची पायरी हमखास राहून जाते. तात्पुरती फाइल डिस्कच्या वेगळ्या विभाजनावर (पार्टिशनवर) ठेवली, तर रीनेम() होणारच नाही.

कमी बाइट तुम्ही पाहिले नाहीत, हे मला पटतं. स्थानिक डिस्कवर, जागा शिल्लक असताना, छोट्या नोंदीला ते सहसा दिसत नाहीत. पण डिस्क भरत आली की पहिलं राइट() जेवढं मावलं तेवढाच आकडा देतं आणि ‘जागा नाही’ ही चूक पुढच्या हाकेला येते. पुढची हाक मारलीच नाही, तर अर्धी पावती फाइलमध्ये आणि प्रोग्राम समाधानी. नॉन-ब्लॉकिंग (जागा नसली तरी न थांबणाऱ्या) सॉकेटवर तर कमी आकडा ही रोजची गोष्ट आहे. एसट्रेस (strace, प्रोग्रामनं कर्नलला मारलेल्या हाका दाखवणारं साधन) लावून पाहिलंत तर असं काही दिसेल: राइट(७, …, ६५५३६) = १४४८०. उरलेले ५१,०५६ बाइट अजून तुमच्याच हातात आहेत. लूप करायचा तो एवढाच: परत आलेला आकडा पॉइंटरमध्ये मिळवा, शिल्लक लांबीतून वजा करा, पुन्हा हाक मारा. सिग्नलनं अडवलं (ईइंटर) तर तीच हाक पुन्हा. बफर भरला (ईअगेन) तर पोल()नं जागा होईपर्यंत थांबा. नुसतं फिरत राहिलात तर सीपीयू शंभर टक्क्यांवर जाईल. दहा-बारा ओळींचं हे फंक्शन एकदा लिहून सगळीकडे वापरता येतं, त्याला फापटपसारा म्हणणं मला पटत नाही.

लांबीवरून आपल्या भागातली एक खास अडचण सांगतो. राइट() बाइट मोजतं, अक्षरं नाही. अक्षरं बाइटमध्ये मांडण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (अक्षर आणि मात्रा वेगवेगळी धरून) ३ बाइटचं, कन्नडचंही ३ बाइटचंच. ‘निपाणी’मध्ये ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. ‘खानापूर’मध्ये ७, म्हणजे २१. गावाच्या नावाला २० बाइटची चौकट ठेवली असेल तर निपाणी व्यवस्थित जातं आणि खानापूरच्या ‘र’चे तीनपैकी दोनच बाइट जातात. समोरचा प्रोग्राम एकतर तिथं चौकोन दाखवतो किंवा पूर्ण नोंदच नाकारतो. पायथनमध्ये लांबी आधी मोजून मग बाइट केलेत तर याहून वाईट: ‘निपाणी’ची लांबी ६ येते आणि ६ बाइटमध्ये फक्त ‘नि’ मावतं. आधी बाइटमध्ये रूपांतर, मग मोजणी, हा क्रम सोडू नका.

आता सॉकेट. टीसीपी या नेटवर्कच्या नियमावलीत पाठवणीच्या बफरचा सुरुवातीचा आकार लिनक्सवर सहसा १६,३८४ बाइट असतो आणि पुरेशी मेमरी असेल तर तो ४ एमबीपर्यंत वाढू शकतो. मधली लाइन तुटली तरी बफरमध्ये जागा असेतोवर राइट() आनंदानं पूर्ण आकडा देत राहतं. समोरून पोच येत नाही म्हणून कर्नल पुन्हापुन्हा पाठवत राहतो आणि मूळ सेटिंगप्रमाणे साधारण १५ मिनिटांनी हार मानतो. तेवढ्या वेळात काट्यावरच्या कितीतरी पावत्या ‘पाठवल्या’ म्हणून दाखवल्या जातात. टीसीपी_यूझर_टाइमआउट हे सॉकेटचं सेटिंग ३०,००० मिलिसेकंदांवर आणलं तर हेच अर्ध्या मिनिटात कळतं. समोरच्यानं जोडणी बंद केली असेल तर पहिलं राइट() बहुधा यशस्वी होतं, तिकडून रीसेट (जोडणी तोडल्याचा निरोप) येतो आणि दुसऱ्या राइट()ला सिगपाइप हा सिग्नल. तो हाताळला नसेल तर प्रोग्राम काहीही न सांगता मरतो. म्हणून सॉकेटवर सेंड() वापरा आणि एमएसजी_नोसिग्नल द्या, म्हणजे ईपाइप ही साधी चूक हातात येईल.

सॉकेटला एफसिंक() नाही. समोरच्या कर्नलची पोच आली, तरी तिथल्या प्रोग्रामनं ते वाचलं की नाही, डेटाबेसमध्ये घातलं की नाही, हे त्यातून कळत नाही. ही पोच तुमच्या प्रोग्रामांनीच एकमेकांना द्यायला हवी. काट्यावर प्रत्येक पावतीला कधीही न बदलणारा क्रमांक द्या, ती आधी स्थानिक फाइलमध्ये लिहून एफसिंक() करा आणि मगच सर्व्हरला पाठवा. सर्व्हरनं डेटाबेसमध्ये कमिट (कायमची नोंद) झाल्यावरच तो क्रमांक उलट पाठवावा. क्रमांक परत आला की पावतीवर ‘पोचली’ अशी खूण करा. नाही आला तर जोडणी नव्यानं करून तीच पावती पुन्हा पाठवा. सर्व्हरवर तो क्रमांक एकमेव ठेवलात तर दोनदा आलेली पावती दोनदा चढत नाही. शेतकऱ्याचं बिल या वजनावर निघतं. एक टनही गळता कामा नये आणि दोनदा धरलाही जाता कामा नये.

टीसीपी हा बाइटांचा सलग प्रवाह आहे, हेही ध्यानात ठेवा. तुम्ही तीनदा राइट() केलंत म्हणून समोर तीनदाच रीड() होईल असं नाही. दोन पावत्या चिकटून येतील किंवा एक तुटून दोन वेळा येईल. प्रत्येक निरोपाआधी ४ बाइटमध्ये लांबी पाठवा, समोरही लूपनं तेवढे बाइट पूर्ण झाल्याशिवाय अर्थ लावू नका. लांबी आणि मजकूर वेगवेगळ्या राइट()नं पाठवलेत तर नेगलची पद्धत (छोटे तुकडे पोच येईपर्यंत रोखणारी) आणि समोरची लांबवलेली पोच एकमेकांची वाट बघत बसतात आणि दर पावतीला सुमारे ४० मिलिसेकंद वाया जातात. राइटव्ही()नं दोन्ही एकदम द्या.

जोडणी बंद करताना थेट क्लोज() करू नका. तुमच्या बाजूला न वाचलेले बाइट पडून असतील तर कर्नल रीसेट पाठवतो आणि वाटेतला डेटा जाऊ शकतो. आधी शटडाउन()नं पाठवणं संपल्याचं सांगा, रीड() शून्य देईपर्यंत वाचा, मग क्लोज().

हे माझ्या शब्दावर मानू नका, चाचणीच्या यंत्रावर करून पाहा. /डेव्ह/फुल (/dev/full) या फाइलवर लिहायला लावा; तिथं प्रत्येक राइट() ‘जागा नाही’ असंच सांगतं, तुमचा प्रोग्राम काय करतो ते कळेल. मग स्विच आणि राउटर यांच्यामधली केबल काढा, वीस पावत्या पाठवा, प्रत्येक राइट()चा आकडा टिपून घ्या आणि केबल परत न लावता यंत्राची वीज बंद करा. त्यानंतर स्थानिक फाइलमध्ये किती पावत्या आहेत आणि सर्व्हरवर किती, ते मोजा. वीस आकडे पूर्ण दिसूनही दोन्हीकडे वीस नसतील, तर हंगाम सुरू व्हायच्या आत वरचा क्रमांकाचा भाग बसवून घ्या. बसवताना कुठं अडलंच, तर एसट्रेसच्या शेवटच्या पन्नास ओळी इथंच प्रतिक्रियेत टाका, मी पाहतो.