बास खाल्ला म्हणून तळं मरत नाही

गेल्या महिनाभरात एकच पोस्ट मला चार जणांनी पाठवली, त्यात ह्यूस्टनचे आमचे भावोजी पण आले. पोस्टचा सारांश असा, की अमेरिकेत गळ टाकायला जाणाऱ्या आपल्या लोकांनी लार्जमाउथ बास, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, कधीच घरी आणू नये, एक मोठा बास मारला की तळं दहा वर्षं मागे जातं, सोडलेला मासा हमखास जगतो, बासला तसंही चव नसते, वर तो पाऱ्याने भरलेला असतो, आणि शेवटी ते वाक्य, की खाण्यासाठी मासे धरणाऱ्या देशी लोकांमुळेच इथले लेक, म्हणजे तलाव, रिकामे होतायत. चौघांपैकी तिघांनी खाली हात जोडलेत.

मी मालवणकडची, टेक्सासला येऊन बारा वर्षं झाली, दरवर्षी लायसन्स काढते आणि पकडलेल्यातले बरेचसे मासे मी स्वतः परत सोडते, त्यामुळे सोडण्याला माझा विरोध आहे असं कोणी समजू नका. पण या पोस्टमधली जवळपास प्रत्येक गोष्ट अर्धवट आहे, म्हणून एकेक करून लिहिते.

पहिलं ते तळं दहा वर्षं मागे जाण्याचं. बासची मादी एका हंगामात हजारो अंडी घालते, नर घरटं राखतो, पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस त्यांच्या मागे मागे असतो. टेक्साससारख्या गरम पाण्यात तो साधारण दोन-तीन वर्षांत १४ इंचाचा होतो, आणि राज्याचा सर्वसाधारण नियमही हाच आहे, १४ इंचाच्या वरचेच न्यायचे, दिवसाला ५. हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही, राज्याचे मत्स्यतज्ञ तळ्यांवर जाऊन मासे मोजतात, वजन करतात, मग ठरवतात. मिनेसोटासारख्या थंडीच्या ठिकाणी तोच मासा तेवढा व्हायला कितीतरी जास्त वर्षं घेतो, तिथे हात आखडता घ्यायला हवा हे मला पूर्ण मान्य आहे. पण सगळ्या अमेरिकेला एकच नियम लावून मोकळं होता येत नाही ना.

आणि उलटी बाजू कोणी सांगतच नाही. आमच्या ओळखीच्या एकांच्या रँचवर तळं आहे, साधारण दीड एकराचं, तिथे वर्षानुवर्षं कोणी एक मासा बाहेर काढला नव्हता, सगळे पकडायचे आणि सोडायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासाभरात नऊ बास लागले, सगळे दहा-अकरा इंचाचे, डोकं मोठं आणि पोट खपाटीला गेलेलं, हातात घेतलं की पाठीची कड बोटाला लागायची. खाणारी तोंडं जास्त आणि ब्लूगिलची (बास ज्यांच्यावर जगतो त्या लहान माशांची) पिल्लं कमी, म्हणून सगळेच अर्धपोटी, वाढतच नाहीत. शेवटी मालकानेच सांगितलं की तळं खासगी आहे, बारा इंचाच्या खालचे मिळतील तेवढे घेऊन जा. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे समजावून सांगायला नको, ज्वारीची विरळणी केली नाही तर कणसं कशी येतात ते त्यांनी बघितलंय. तळ्याचंही तेच आहे.

लेक फोर्कचं उदाहरण घ्या, मोठ्या बाससाठी टेक्सासमधला सगळ्यात नावाजलेला लेक. तिथला नियम वेगळा, असा की १६ ते २४ इंचाच्या मधला बास सोडायचाच, त्याच्या खालचे न्यायला परवानगी, आणि २४ च्या वरचा दिवसाला फक्त १. म्हणजे हा नियम करणाऱ्यांनी लहान मासे लोक खातील असं धरूनच गणित मांडलंय. लोकांनी लहानसुद्धा सोडायला सुरुवात केली की अशा तळ्यांत गर्दी होते आणि नियमाचा अर्धा उपयोग जातो. मोठी मादी मात्र सोडावी, हे मी पण म्हणते, तेवढी व्हायला खूप वर्षं लागतात आणि तेवढ्या फार थोड्या असतात.

आता दुसरं, सोडलेला मासा हमखास जगतो. हे वाचून मला खरंच राग आला. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझ्या मुलाला एक बास लागला, त्याने गळ पार घशात घेतलेला, आम्ही काढायला गेलो तर कल्ल्यातून रक्त यायला लागलं. चांगला पंधरा इंचाचा, न्यायला चालणारा मासा होता, पण शेजारच्या माणसाने सांगितलं सोडून द्या, जगेल, म्हणून सोडला. अर्ध्या तासाने तोच मासा आमच्यापासून वीस पावलांवर पांढरं पोट वर करून तरंगत होता. मुलगा घरी येईपर्यंत बोलला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी ठरलंय, कल्ल्यातून रक्त आलं आणि मासा कायद्यात बसत असेल तर तो घरी येणार. कायद्यात बसत नसेल तर सोडायलाच लागतो, तिथे दोरी गळाजवळ कापून लवकर पाण्यात घालायचा, ओढाओढ करायची नाही.

उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, झुंजून दमलेल्या माशाला दम परत मिळत नाही. खोल पाण्यातून भसकन वर काढला तर आतली हवेची पिशवी फुगते, मग तो खाली जाऊच शकत नाही. कोरड्या हाताने धरला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि मोठा मासा नुसत्या जबड्याला धरून फोटोसाठी लटकवला की सगळं वजन त्या जबड्यावर. वसंतात घरट्यावरचा नर काढला तर तो परत जाईपर्यंत ब्लूगिल अंडी खाऊन मोकळे होतात. सकाळपासून चाळीस मासे पकडून सोडणारा आणि दोन घरी नेणारा, यातल्या कोणाच्या हातून जास्त मेले हे तळ्याच्या काठावरून कळत नाही. नीट सोडलेला मासा बहुतेक वेळा जगतो, हे खरं. पण हमखास म्हणू नका.

सोडायची पद्धत आली कुठून ते पण बघा. अमेरिकेत रे स्कॉट यांनी बास पकडायच्या स्पर्धा मोठ्या केल्या, स्पर्धेनंतर मेलेल्या माशांच्या माळा दिसायच्या आणि लोक चिडायचे, म्हणून १९७२ मध्ये त्यांनी मासे जिवंत ठेवून सोडायची मोहीम काढली. शेकडो लोक एकाच लेकवर उतरतात तिथे ते गरजेचंच होतं. पण तो निसर्गाचा कायदा नाही. जपानमध्ये बास बाहेरून आणलेला, तिथल्या बिवा सरोवरात तो स्थानिक मासे खातो, फुनाझुशी (आंबवलेल्या माशाची सुशी) ज्याची करतात त्या निगोरोबुना माशाला पण त्याने सोडलं नाही, म्हणून तिथल्या शिगा प्रांतात २००३ पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. तिथे सोडणं हाच गुन्हा.

चवीबद्दल. जॉर्ज पेरी नावाच्या जॉर्जियातल्या तरुण शेतकऱ्याने २ जून १९३२ ला २२ पौंड ४ औंसाचा बास पकडला, आजही त्या जागतिक विक्रमाची फक्त बरोबरी झालीय, आणि मंदीच्या त्या दिवसांत तो मासा त्याच्या घरच्यांनी खाल्ला. चीनमध्ये हाच बास वर्षाला लाखो टन पिकवतात, खाण्यासाठीच. मांस पांढरं, घट्ट, काटे मोठे, पोरांना द्यायला बरं. सुरमईची सर येणार नाही, पण चिखलाचा वास येतो म्हणणाऱ्यांनी बहुतेक तो उन्हात बादलीत ठेवलेला असतो. पकडल्या पकडल्या बर्फात टाका, सालपट काढा, बाजूची लाल रेघ कापून टाका, मीठ-हळद-आगळ लावून अर्धा तास ठेवा, मग तांदळाचं पीठ आणि रवा. मासा आतपर्यंत शिजलाच पाहिजे, गोड्या पाण्यातल्या माशात कधी कधी अळ्या असतात.

पाऱ्याचं मात्र पोस्टवाल्याचं निम्मं बरोबर आहे आणि ते मी झाकणार नाही. बास शिकारी मासा, लहान माशांमधला पारा त्याच्यात साठत जातो, तो मांसातच असतो, तळून किंवा चरबी काढून जात नाही. टेक्सास-लुईझियानाच्या सीमेवरच्या कॅडो लेकचा बास पाऱ्यामुळे जपून खा अशी सरकारची सूचना आहे. गरोदर बायका आणि लहान मुलं असतील तर आपल्या लेकची सूचना बघितल्याशिवाय खाऊ घालू नका. पण पारा जास्त असतो तो मोठ्या, म्हाताऱ्या माशात. म्हणजे खायचा तो लहान आणि सोडायचा तो मोठा, इथेही तेच गणित येतं.

आणि शेवटचं, देशी लोकांचं. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण लिहिणारा आपलाच आहे. हो, मी एकदा आपल्यातलंच एक कुटुंब बघितलं, बादलीत आठ-नऊ इंचाचे सात बास. जाऊन सांगितलं, काकांना नियमच माहीत नव्हता, त्यांनी बिचाऱ्यांनी तिथल्या तिथे सगळे पाण्यात सोडले आणि फोनवर नियमाचं पान उघडून घेतलं. न्यायचेच असतात असं त्यांना वाटलं होतं, एवढंच. कायद्यात राहून दोन मासे घरी नेणाऱ्याला लाज कशाला वाटायची? आपल्याकडे पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मग दर्यात जायचं, महाडजवळच्या वाळण कोंडीतल्या माशांना देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही. कधी धरायचं आणि कधी थांबायचं हे आपल्या माणसांना कोणी नव्याने शिकवायची गरज नाही, फक्त इथले आकडे सांगायला हवेत.

भावोजींना हे सगळं पाठवलंय. ते शनिवारी येतायत, पहाटे पाचला लेक फोर्कला निघायचंय, बर्फाची पेटी आणि मोजपट्टी गाडीत ठेवलीय, १६ च्या खालचे तीन-चार मिळाले तर रात्री जेवायला आमच्याकडेच.