सेल्फचं तेलपाणी

चावी फिरवली की गाडी नुसतं ‘टक्’ म्हणायची. बॅटरी नवी, वायरी घट्ट; म्हणजे खोट सेल्फमध्येच, इंजिनला पहिली गिरकी देणाऱ्या विजेच्या मोटरमध्ये. तो मी घरीच उघडणार, असं जाहीर केल्यावर बायको काही बोलली नाही. तिने फक्त रद्दीचा गठ्ठा आणून ठेवला.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवली. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो, तिथे पाना चुकून टेकला तर दिवाळीच. (१९१२ साली कॅडिलॅक मोटारीत केटरिंग नावाच्या इंजिनिअरचा विजेचा सेल्फ आला, त्याआधी इंजिन हाताने फिरवायचं हँडल उलटं फिरून मनगटं मोडायची. माझं मनगट शाबूत होतं, बाकीचा मी मोडलो.)

आत फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून सुपारीच्या खांडाएवढे उरलेले, आणि त्यांची काळी पूड सगळीकडे. आमच्या घराण्यात काहीही अडलं की तेल देतात. कुलूप, शिलाई मशीन, पोरांची डोकी. त्या संस्काराला जागून मी कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर, भरपूर तेल सोडलं आणि पिनियनच्या, म्हणजे पुढच्या छोट्या दातेरी चाकाच्या, आट्यांना ग्रीस चोपडलं.

शेजारचे काका आयुष्यभर फिटर होते. ते डोकावले आणि कपाळाला हात लावून तिथेच बसले.

“अहो, कम्युटेटर कोरडा ठणठणीत हवा! तेलात ही पूड कालवलीत की तीट होते.”

“आणि ग्रीस?”

“धूळ धरतं. पिनियन अडकून बसेल, इंजिनच्या मोठ्या चाकापर्यंत, फ्लायव्हीलपर्यंत पोचणारच नाही. अन् तो सेल्फचा क्लच पेट्रोलमध्ये बुडवू नका, आतलं ग्रीस धुऊन जाईल.”

क्लच माझ्या हातात होता. पेट्रोलचा डबाही.

मग तेल द्यायचं कुठे? तर पितळी दिसणाऱ्या त्या दोन चिमुकल्या बुशांना, ज्या कड्यांत सेल्फचा दांडा फिरतो. त्यांचा धातू सच्छिद्र असतो, तेल पिऊन ठेवतो. काकांनी त्या रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवायला सांगितल्या. बुडवल्या. फोडणीच्या वाटीत. त्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नवे ब्रश. चार ब्रश, चार स्प्रिंगा, आणि मधून आर्मेचर, म्हणजे सेल्फचा फिरता गाभा, सरकवायचं. तीन दाबून धरले की चौथा टुणकन उडायचा. चौथा कपाटाखालून काढेपर्यंत बाकीचे तिघेही सुट्टीवर. शेवटी काकांनी वाकवलेल्या तारेने चौघांनाही मागे ओढून धरलं.

चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. मी विजयी मुद्रेने घराचं दार ढकललं. ते नेहमीप्रमाणे कर्रर्र करून किंचाळलं.

“सहा महिने सांगतेय,” बायको म्हणाली, “त्या बिजागरीला दोन थेंब तेल घाला.”

डबा रिकामा होता.