आकडा कमी बघा, बाळ जास्त बघा

बाळाचा ताप उतरेना म्हणून रात्रभर थर्मामीटर लावत बसलेल्या आईचा अनुभव लहान मुलांच्या तापावरच्या लेखात वाचला, जीव कळवळला. आमची लेक दीड वर्षाची असताना असाच ताप सारखा चढत-उतरत होता. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आकडा कमी बघा, बाळ जास्त बघा. औषधाने जरा उतार पडला की खेळतंय का? घोट घोट पाणी, पेज घेतंय का? शू नेहमीसारखी होतेय का? मी वहीत वेळ, ताप, औषध, शू असं लिहायला लागले आणि जीव थाऱ्यावर आला. नवऱ्यालाही वही बघून पाळीने जागता आलं.

एक गोष्ट मात्र लेखात हवीच होती. पॅरासिटामॉल या तापाच्या औषधाच्या ड्रॉप्समध्ये साधारण १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५० मिग्रॅ. बाटली बदलली की माप बदलतं! डोस वजनावरून डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आणि पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन हे तापाचं दुसरं औषध मनाने देऊ नका. डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढतो, त्यामुळे ताप गेला तरी बाळ मलूल असेल, सारख्या उलट्या होत असतील, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.