'तम्मा तम्मा'ची चाल आणि मोरी कांते

आफ्रिकन संगीत म्हटलं की आपल्याकडे फक्त ढोल आठवतात. 'त्यांचा ठेका भारी, पण सूर आपला', असं गाण्यातली जाणती माणसंही सहज बोलून जातात. मला ते ऐकवत नाही. १९९० च्या 'थानेदार'मधलं 'तम्मा तम्मा लोगे' आणि १९९१ च्या 'हम'मधलं 'जुम्मा चुम्मा दे दे' ही दोन्ही गाणी ज्या चालीवर उभी आहेत, ती चाल गिनी देशातल्या मोरी कांते यांच्या 'तामा' या गाण्यातली. हळदीत, वरातीत, ऑर्केस्ट्रात इतकी वर्षं आपण जे गुणगुणतोय, तो सूरच आहे की!

कांते ग्रिओ घराण्यातले. पश्चिम आफ्रिकेत राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवणारे ते ग्रिओ, आपल्याकडच्या भाटांसारखे. लहानपणीच घरच्यांनी त्यांना शिकायला शेजारच्या माली देशात पाठवलं. त्यांचं वाद्य कोरा.

हा कोरा वाजवताना एकदा व्हिडिओत तरी नीट बघाच. मोठा भोपळा अर्धा कापलेला, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, लांब दांडा आणि २१ तारा. तारांची बाजू वादकाकडे असते, आणि तो वाजवतो फक्त दोन अंगठ्यांनी आणि दोन तर्जन्यांनी. अंगठे खालच्या सुरांचं आवर्तन धरून ठेवतात, तर्जन्या वर चाल विणत जातात आणि गळा तिसरंच काही सांगत असतो. हे सगळं एकटा माणूस करतो. याला नुसता ठेका कोण म्हणेल?

मालीची राजधानी बामाको इथल्या 'रेल बँड' या वाद्यवृंदात गाऊन कांते पुढे पॅरिसला गेले आणि हाच कोरा त्यांनी सिंथेसायझरच्या जोडीला बसवला. १९८७ चं 'येके येके' युरोपभरच्या डिस्कोंत वाजलं. दहा लाखांवर खपलेलं ते पहिलं आफ्रिकन सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड. परंपरा बाटवली म्हणून नाकं मुरडणारेही होते. मला मात्र त्या गाण्यात कोरा कुठेच दबलेला वाटत नाही, उलट यंत्रांनाच त्याच्यामागे पळावं लागतं.

२२ मे २०२० रोजी गिनीची राजधानी कोनाक्रीत कांते वारले. आपल्याकडे किती जणांना कळलं? रिॲलिटी शोमध्ये 'तम्मा तम्मा' सादर होतं तेव्हा सिनेमा, कलाकार, नृत्यदिग्दर्शक सगळ्यांची नावं घेतात. त्यात मोरी कांते हे नाव जोडायला दोन सेकंद लागतात, आणि ते घेतलंच पाहिजे.

'तामा' ज्यात आहे त्या अल्बमचं नाव 'अक्वाबा बीच'. आज रात्री हेडफोन लावून 'तामा' पूर्ण ऐका, आणि कसं वाटलं ते खाली लिहा.